मामी, माचा आणि मच्चम

चहा टाकलाय, उकळेपर्यंत ऐका. पण एक अट आहे. ऐकून झाल्यावर "पण मुळात तू बोललीसच कशाला?" असं कुणी विचारायचं नाही. तो प्रश्न मी स्वतःला इतकी वर्षं विचारते आहे, अजून उत्तर सापडलेलं नाही.

लोक चोरी करतात, पकडले जातात, मग कबूल करतात. निदान पोलीस यायची तरी वाट बघतात की नाही? माझ्याकडे पोलीस नुसता पत्ता विचारायला आला, आणि मी त्याला आत नेऊन, पाट मांडून, मुद्देमाल दाखवला! वर म्हटलं, थोडा घरी घेऊन जा.

तर ऐका. साल दोन हजार चार असेल. आम्ही चेन्नईत, मैलापूरला राहत होतो. मी बँकेत, आणि माझा नवरा मिलिंद अंबत्तूरच्या एका कारखान्यात. तो उन्हाळा ज्यांनी चेन्नईत काढला त्यांना वेगळं सांगायला नको. नळाला पाणी नाही, गल्लीत टँकर आला की बायका रंगीत प्लास्टिकचे घडे घेऊन धावायच्या. साड्या नेसून धावण्याची शर्यत असती तर आमच्या गल्लीने पदक आणलं असतं.

आणि अशा उन्हाळ्यात आमच्या घराला विहीर होती. गोड्या पाण्याची. ती आटायची, गुडघाभर उरायची, पण कोरडी म्हणून पडली नाही. माझी बँक तिथून पायी दहा मिनिटं. आता सांगा, असं घर कोण सोडेल? मी तर त्या विहिरीसाठी वाटेल तिथे सही केली असती. आणि केलीही.

घरमालक म्हणजे खाली राहणारे मामा आणि मामी. मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीतरी दोन-तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिथेच राहिले, पण घरात मराठी टिकली. मामींची मराठी ऐकली की मला वाटायचं, एखादी जुनी बखर नऊवारी नेसून समोर उभी आहे. "मज", "तुज", "काय करूलाहेस गो?" म्हणजे काय करते आहेस. त्यात तमिळ शब्द भरपूर मिसळलेले, आणि सगळं तमिळ चालीवर. शेवटी "म" लावायची त्यांना फार हौस. पात्र म्हणजे पात्रम, कष्ट म्हणजे कष्टम. आणि "छ" त्यांच्या तोंडात टिकायचाच नाही, छत्रीची चत्री व्हायची. हे लक्षात ठेवा, याच व्याकरणाने माझा घात केला.

मामी सोवळ्याच्या. तिकडे सोवळ्याला मडी म्हणतात. घर भाड्याने देताना त्यांची अट एकच होती. शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. करार अकरा महिन्यांचा, त्यात हे कलम पहिलं, भाडं दुसरं.

आणि मी कुठली? वेंगुर्ल्याची.

हसू नका. मी सही केली तेव्हा मनापासून केली होती. अकरा महिने मासे न खाऊन माणूस मरत नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण चेन्नई पडली समुद्रावर. संध्याकाळी गच्चीवर गेलं की खारा वारा नाकात. समुद्र पायी जायच्या अंतरावर आणि मी वरच्या मजल्यावर दुधी भोपळा चिरते आहे! दुसऱ्याच महिन्यात आईने कुणाबरोबर तरी सोडे पाठवले. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांची मला कीव येते. ते मी एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरले आणि डबा तांदळाच्या पिंपात पुरला.

आता शिजवायचे कधी? तर मामा-मामी प्रदोषाला देवळात जात. महिन्यात दोन प्रदोष, संध्याकाळचे दोन तास घर मोकळं. मी त्या दोन तासांत सोड्याची चटणी करायची, भात लावायची, आम्ही दोघं जेवायचो आणि वास जावा म्हणून घरभर धूप घालायचा. त्याला तिथे सांब्राणी म्हणतात. मामी देवळातून परत आल्या की जिन्यातच त्यांना तो सुवास यायचा. "केवढी भक्तीची मुलगी," असं त्यांनी मामांना सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. अकरा महिन्यांत असे सतरा प्रदोष मी पाळले. मामींपेक्षा जास्त आतुरतेने पाळले.

आता माचाकडे येते.

मिलिंदच्या कारखान्यात एक जपानी इंजिनियर महिनाभर येऊन राहिला होता. जाताना त्याने मिलिंदला एक छोटासा डबा दिला. आत हिरवीगार पूड, मेंदीला लाजवेल अशी. म्हणाला, माचा. जपानी चहा. पण या उकाड्यात गरम नको, मिक्सरमध्ये बर्फ, दूध, साखर आणि एक चमचा पूड घालून फिरवा. हे त्याने कागदावर चित्र काढून समजावलं होतं. चित्रात मिक्सर होता, बर्फाचे चौकोन होते आणि एक हसणारा माणूस होता. तो हसणारा माणूस बघूनच मी फसले.

शनिवार होता, बँक अर्धा दिवस. मिलिंद कारखान्यात. मी दुपारी घरी आले ती भाजून निघूनच. म्हटलं, आज तो जपानी चहा करूच. डबा उघडला, वास घेतला, आणि डोळ्यांत पाणी आलं. अहो, ओहोटीच्या वेळी आमच्या खाडीवर जसा शेवाळाचा वास येतो, तसा हुबेहूब वास! चहाला कधी असा वास असतो का? पण मला तो माहेरचा वाटला आणि मी डोळे मिटून तीन वेळा घेतला.

माझ्याकडे मिक्सरचं भांडं एकच. छोटं भांडं महिन्यापूर्वी फुटलं होतं. म्हणजे याच भांड्यात... कळलं ना? आदल्याच प्रदोषाला याच भांड्यात सोड्याची चटणी वाटली होती. मी ते चिंचेने घासलं होतं, लिंबाने घासलं होतं, राखेने घासलं होतं, उन्हात ठेवलं होतं. माझ्या लेखी ते गंगेत न्हालेलं होतं.

बर्फ घातला, दूध घातलं, साखर घातली. एक चमचा पूड म्हणजे केवढा चमचा हे चित्रात नव्हतं, म्हणून मी पोह्याचा चमचा घेतला. बटण दाबलं. बर्फाने असा काही आवाज केला की मला वाटलं गाडीखाली दगड आला. दोन फेऱ्या झाल्या आणि पातं अडकलं. आता यात माझी चूक काय ते तुम्हीच सांगा. कुठल्याही बाईने जे केलं असतं तेच मी केलं. बर्फ हलवावा म्हणून झाकण उचललं. बटण बंद करायचं मात्र राहिलं.

पातं सुटलं!

छत हिरवं. भिंत हिरवी. कॅलेंडरवरचा गणपती हिरवा. मी केसांपासून कोपरापर्यंत हिरवी. एखादा गाव रंगपंचमीला खेळणार नाही एवढा रंग मी एकटी खेळले होते. बरं, जे भांड्यात उरलं होतं ते चाखलं, तर गवत. शुद्ध, ताजं, कुणीतरी नुकतंच कापलेलं गवत. गाईंबद्दल मला त्या क्षणी नवा आदर वाटला.

पण मी हार मानणारी नाही. फडक्याने ओटा पुसला, तोंडावर पाणी मारलं, साडी बदलली. पुन्हा बर्फ, दूध, या वेळी पूड अर्धा चमचा, साखर दुप्पट, आणि वर वेलदोडा. आपल्याकडे वेलदोडा घातल्यावर कुठलाही परदेशी पदार्थ सरळ वागायला लागतो. झाकण हाताने दाबून धरलं. फिरवलं. आणि खरंच सांगते, सुरेख झालं. फेसाळ, गार, पिस्त्याच्या रंगाचं. मी दोन ग्लास भरले, एक माझा, एक मिलिंदसाठी फ्रीजमध्ये ठेवायला.

तेवढ्यात दारात मामी.

मामी वर सहसा येत नसत. गुडघे दुखायचे. आल्या त्या धापा टाकत, घाम पुसत, आणि त्यांच्या हातात घडी केलेला कागद. मी लांबूनच ओळखला. करार. आमचे अकरा महिने पुढच्या आठवड्यात संपत होते. भाडं वाढवणार? की घर सोडायला सांगणार? शेजारच्या घरी टँकरच्या पाण्यावरून भाडेकरू भांडून गेल्याचं ताजं होतं.

मी त्यांना पंख्याखाली बसवलं आणि घाबरल्यावर माणूस जे करतो ते केलं. पाहुणचार! समोर होता तो ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं की हे काय. मी म्हटलं, माचा, जपानी सरबत आहे. यात काय काय, असं त्यांनी विचारलं. दूध, साखर, वेलदोडा आणि पानांची पूड, मी सांगितलं. दुधाचं म्हणजे चालायला हरकत नव्हती. त्यांनी ग्लास ओठांना न लावता वरून घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. अर्धा ग्लास झाला तेव्हा म्हणाल्या, छान आहे, पोटात थंड वाटतं.

आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भांडं!

त्या भांड्यातलं मी या बाईला पाजलं होतं. जिने आयुष्यात अंडं शिवलं नाही, तिला. चिंच, लिंबू, राख सगळं आठवून मी मनाला धीर देत होते, पण मन ऐकेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.

मामींनी ग्लास खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं. चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं.

"अगो," त्या म्हणाल्या, "मच्चम!"

आता माझी बाजू समजून घ्या. मासा म्हणजे तमिळमध्ये मीन, एवढं मला बाजारात जाऊन पाठ झालं होतं. म्हणजे हा शब्द तमिळ नाही, मामींचा जुना मराठी. मासा म्हणजे जुन्या मराठीत मच्छ. "छ" चा झाला "च", पुढे लागला "म". मच्चम. व्याकरणात कुठे चूक आहे का? शाळेत मला एवढ्या चोख उत्तराला पैकीच्या पैकी मिळाले असते.

मी चटकन तोंडावर हात ठेवला.

"हात काढ," मामी म्हणाल्या. "लपवतेस काय? अकरा महिने मजसमोर वावरलीस आणि मज कसं दिसलं नाही?"

"मामी, मी सांगणारच होते," मी हाताआडूनच म्हटलं.

"कधीपासून आहे हे?"

आता मला सांगा, इतक्या सरळ प्रश्नाला खोटं कसं बोलणार? मी मान खाली घातली. "जन्मापासूनच म्हणा ना, मामी. दात यायच्या आधीपासून."

"आणखी कोणास आहे घरांत?"

"सगळ्यांनाच. आईला, आजीला, मावश्यांना. गावात घरटी आहे. समुद्रकाठचं गाव ना आमचं."

मामी विचारात पडल्या. खाऱ्या वाऱ्याने होत असेल, असं काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे, माझ्यासाठी सबब शोधते आहे.

"आणि मिलिंदास?"

"त्याला आधी नव्हतं. त्याच्या घरी कुणालाच नाही." इथे मला खरंच भरून आलं. "त्याला लग्नानंतर लागलं. माझ्यामुळे."

"बायकोचं नवऱ्यास लागतं?" मामी थक्क झाल्या होत्या.

"संगतीने लागतं, मामी. पण श्रावणात अजिबात नसतं हं, आईशप्पथ. महिनाभर बंद."

"आपोआप जातं?"

"आपोआप कुठलं! फार जड जातं."

मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. एखाद्या मोठ्या रोगाच्या माणसाकडे बघावं तसं बघत होत्या. मग हळूच हसल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"अगो, पण यांत रडायास काय झालं? मच्चम असणें भाग्यम. तोंडास असेल त्यास अन्नाची ददात नाही म्हणतात."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. "मामी, तुम्हाला... चालतं?"

"मज न चालायास काय? मजही एक आहे." आणि आजूबाजूला कुणी नसतानाही त्यांनी आवाज खाली आणला. "आंत. कोणास दाखवीत नाही. मामांस तेवढं ठाऊक."

काय सांगू तुम्हाला त्या क्षणाचं! अकरा महिने मी या बाईला भिऊन पिंपात डबा पुरत होते, आणि ही माझ्याच पंथातली निघाली! आत कुठेतरी हिनेही एक लपवून ठेवलंय, आणि मामा सामील आहेत! माझा जीव भांड्यात पडला. मिक्सरच्याच भांड्यात पडला म्हणा. मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. सोवळ्यामुळे तेवढी राहिली.

मिठीच्या ऐवजी मी धावत स्वयंपाकघरात गेले. पिंपात कोपरापर्यंत हात घातला, डबा काढला, तांदूळ झटकले आणि मामींच्या समोर, बरोबर नाकाखाली, झाकण उघडलं.

"घ्या, मामी. खास वेंगुर्ल्याचे. लपवून लपवून किती दिवस खाणार? थोडे भाजून, खोबरं-मिरची घालून वाटायचे. मी याच भांड्यात वाटते." आणि मी बोटाने मिक्सरचं भांडंही दाखवलं. काही राहून जायला नको ना!

मामी डब्यात बघत राहिल्या. डब्यातले सोडे त्यांच्याकडे बघत राहिले. वास वर चढला आणि पंख्याने तो व्यवस्थित खोलीभर वाटला. मामींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत हनुवटीपर्यंत गेला.

"हे काय?"

"सोडे. मच्छ. तुम्हीच म्हणालात ना, मच्चम."

मामींनी डोळे मिटले आणि उघडले. मग उजवा हात लांब करून, मला शिवणार नाही अशा बेताने, भिंतीवरच्या आरशाकडे बोट दाखवलं.

मी आरशात बघितलं. वरच्या ओठाच्या कोपऱ्यावर माचाचा एक थेंब वाळून बसला होता. बारीक, गोल, गडद. मी बोट लावलं तसा तो निघाला.

"मच्चम म्हणजे तमिळांत तीळ गो," मामी अगदी हळू म्हणाल्या. "अंगावरचा तीळ."

तीळ! जन्मापासून आहे, गावात घरटी आहे, नवऱ्याला लग्नानंतर लागला, श्रावणात बंद असतो आणि तेव्हा फार जड जातं, तो तीळ! आणि मामींचा तो आतला, जो मामांना तेवढा ठाऊक...

मी डब्याला झाकण लावलं, आता लावून काय उपयोग होता ते विचारू नका. मामी उठल्या. अर्ध्या ग्लासाकडे एकदा बघितलं, मिक्सरच्या भांड्याकडे एकदा बघितलं, कागद पदरात गुंडाळला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून गेल्या. जाताना "जाऊन येतें" म्हणायची त्यांची रीत होती. ती त्या दिवशी त्यांनी पाळली नाही.

थोड्या वेळाने मागच्या अंगणात विहिरीचा रहाट वाजायला लागला. एक बादली, दुसरी, तिसरी. मी वरून मोजत होते. आज ग्रहण आहे का, असं मामा खालून विचारत होते, आणि मामी डोक्यावर पाणी ओतत होत्या. तेविसाव्या बादलीला रहाट थांबला. मामी थकल्या म्हणून नव्हे, तळाचा गाळ आला म्हणून. सगळं शहर टँकरमागे धावत असताना जी विहीर आटली नाही, ती माझ्या एका डब्याने आटवली. दोन दिवस आम्ही आणि मामा-मामी, दोन्ही घरं घडे घेऊन गल्लीत उभी होती, आणि मामी रांगेत माझ्यापासून चार घडे लांब उभ्या राहत होत्या.

मिलिंद त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याला घर जाण्याचं एवढं काही वाटत नव्हतं, पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरेना. "पण डबा तू आपण होऊन उघडलास?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मग त्याने सोडे तीन पिशव्यांत बांधले आणि सोमवारी कारखान्यात नेऊन कुणाला तरी देऊन टाकले. त्यांच्या जाण्याचं दुःख करायलासुद्धा मला तोंड नव्हतं.

आम्ही घरं बघायला सुरुवात केली. अंबत्तूरला एक मिळत होतं, तिथून माझी बँक दीड तास आणि पाणी दिवसाआड. त्या घराच्या मालकाने आधी "तुम्ही मांसाहारी का?" असं विचारलं तेव्हा मिलिंदने माझ्या पायावर पाय दिला, मी आपण होऊन काही बोलू नये म्हणून. इतका माझा लौकिक झाला होता! मला त्या रडवेल्या दिवसांतही मामींचंच जास्त वाईट वाटत होतं. बाईने इतक्या प्रेमाने तिचं गुपित मला सांगितलं, आणि मी तिला काय दिलं?

चौथ्या दिवशी मामांनी वर येऊन सांगितलं की मामी बोलावतात.

मी आंघोळ करून, डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेली साडी नेसून गेले. मामी झोपाळ्यावर बसल्या होत्या. समोर स्टुलावर तोच कागद आणि पेन. मला त्यांनी उंबऱ्याशी सतरंजी दिली. मी बसले. पाया पडायला वाकले तर लांबूनच पुरे म्हणाल्या.

मग त्या बोलल्या. म्हणाल्या की त्या दिवशी त्या वर आल्या होत्या त्या हेच सांगायला की राहा आणखी दोन वर्षं, भाडं तेच. त्यानंतर जे झालं ते झालं. प्रायश्चित्त काय घ्यायचं ते त्यांनी भटजींना विचारून घेतलं, आता तो विषय नाही. मामा म्हणत होते, यांना जाऊ दे. मामींनी तीन दिवस विचार केला.

"वीस वर्षं मी भाडेकरू ठेवतें," त्या म्हणाल्या. "सगळे सांगतात, आम्ही शुद्ध शाकाहारी. मागल्या अंगणांत मांजरें रांग लावून बसतात, तरी शुद्ध शाकाहारी. कोणी कबूल केलं नाही. तू पहिली. मी मच्चम म्हटलं आणि तू पोटांतलं सगळं काढून दाखवलंस, डब्यासकट. खोटं बोलणारें माणूस मज घरांत नको. तुजसारखं चालेल. मासे नको, तू राहा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं मला माझ्या सासूनेही कधी म्हटलं नव्हतं. मी मान हलवली, शपथ घेतली, पुन्हा कधी नाही म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले हं.

मामींनी पेन उचललं. टोपण काढलं. मग थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"एक विचारतें. खरं सांग. या माझ्या घरांत किती वेळां?"

मागच्या दारातून विहीर दिसत होती. दोन दिवसांत तिला पुन्हा झरा लागला होता, ऊन थेट पाण्यावर पडलं होतं. मी मामींच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"एकदाच, मामी."

त्यांनी सही केली.

वर आले तर मिलिंद दारातच उभा, चेहरा पांढराफटक. काय म्हणाल्या, त्याने विचारलं.

"म्हणाल्या, तुझ्या बायकोइतकं खरं बोलणारं माणूस वीस वर्षांत पाहिलं नाही."